स्वतःची कथा गावासमोर वाचताना

यवतमाळ जिल्ह्यातील एका तरुण शिक्षकांचा पहिला कथासंग्रह नुकताच निघाला आहे, आणि शेजारच्या गावातील ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत लहान दर्जाच्या, वाचनालयाने कोजागिरीच्या रात्री त्यांना स्वतःची एक कथा ऐकवण्यासाठी बोलावले आहे. कथा पाठ करून सांगावी की कागदावरून वाचावी, संग्रहातील कोणती कथा निवडावी, वऱ्हाडी संवाद जसेच्या तसे उच्चारावेत की थोडे प्रमाण करून घ्यावेत, आणि लोक मधूनच उठून जाऊ लागले तर काय करावे, असे चार प्रश्न त्यांनी विचारले आहेत. गेली सुमारे तीस वर्षे मी अमरावती, अकोला, यवतमाळ आणि वर्धा या जिल्ह्यांतील गावांत, आणि अधूनमधून वैनगंगेच्या पलीकडेही, माझ्या कथा वाचत आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर देत आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: वाचा. आपल्याकडे असा कार्यक्रम म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर कथाकथन येते, आणि कथाकथन म्हटले की व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार ही त्रयी येते. त्यांनी हा प्रकार महाराष्ट्रभर लोकप्रिय केला हे खरे आहे. परंतु ती सांगण्याची कला होती, तिच्यात लेखकाइतकाच नटही उभा असे, आणि ज्याच्या अंगात तो नट नाही त्याने तिचे अनुकरण केले की कथा हरवते व नक्कल तेवढी उरते. पाठ केलेल्या कथेचा आणखी एक धोका आहे. सांगणाऱ्याचे अर्धे चित्त पुढचे वाक्य आठवण्यात गुंतलेले असते, त्यामुळे त्याची नजर छताकडे किंवा आभाळाकडे लागते, आणि एखादे वाक्य निसटले की तो स्वतःच्याच कथेत वाट चुकतो. तुमची कथा जर शब्दांच्या निवडीवर आणि वाक्यांच्या क्रमावर उभी असेल, तर तिला कागदाचा आधार हवाच.

कागद हातात असला म्हणजे ग्रामीण श्रोता त्याला कमीपणा मानील, ही भीती मनातून काढून टाकावी. आपल्या गावांत श्रावणात पोथी लागते, ‘गजानन विजय’ ग्रंथाच्या २१ अध्यायांचे पारायण होते, आणि या सर्व ठिकाणी वाचणारा पोथी समोर ठेवूनच वाचतो. पोथी तोंडपाठ असलेला म्हातारासुद्धा पान उलटतो, कारण पान उलटण्याला तेथे मान आहे. काही गावांत एक जण ओवी वाचतो व दुसरा तिचा अर्थ आपल्या बोलीत सांगतो. म्हणजे वाचणे आणि सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे आपल्या श्रोत्यांना आपल्यापेक्षा आधीपासून कळते. शिवाय हा श्रोता शहरी सभागृहातील श्रोत्यापेक्षा ऐकण्यात अधिक मुरलेला असतो. लहानपणी आजीच्या गोष्टीला त्याने हुंकार दिलेला असतो, आणि हुंकार थांबला की गोष्ट थांबते हा नियम त्याला ठाऊक असतो. म्हणून तुमच्या वाचनात कोणी मध्येच ‘हं’ किंवा ‘बरं, मंग?’ म्हटले तर तो व्यत्यय समजू नये, आणि त्याला हसून प्रतिसादही देऊ नये. ती तुम्हाला मिळालेली पावती आहे, वाचत राहावे.

आता बोलीचा प्रश्न. मला याच प्रश्नावर सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण विदर्भातील लेखक स्वतःची कथा वाचताना फसतो तो बहुधा येथेच. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावात मी कपाशी बुडालेल्या शेतकऱ्याच्या घरची कथा वाचत होतो. सून आपल्या गळ्यातली सोन्याची पोत मोडून येते आणि आंधळी होत चाललेली सासू तिच्या गळ्याला हात लावून विचारते, “सूनबाई, तुहा गया रिकामा काहून लागून रायला वं?” या वाक्यावर मंडप हसला. थोडेथोडके नव्हे, चांगला खळखळून हसला. मी गोंधळलो, पुढचे वाक्य घाईने उरकले, आणि पुढील दहा मिनिटे जेथे जेथे ‘काहून’ किंवा ‘रायला’ आले तेथे तेथे लोक हसत राहिले. ते लोक निर्दय नव्हते. त्यांच्यातील अनेकांच्या घरी तेच घडलेले होते. परंतु माईकवरून वऱ्हाडी ऐकू आली की हसायचे, ही सवय त्यांना एकपात्री प्रयोगांनी, नकलांनी आणि सूत्रसंचालकांच्या चुटक्यांनी लावलेली होती, आणि मी त्या सवयीला तोंड देण्याची कोणतीही तयारी केलेली नव्हती.

यावर काही जण उपाय सुचवतात की संवाद प्रमाण मराठीत आणावेत. मला तो उपाय मान्य नाही. ‘तुझा गळा रिकामा का लागतो आहे’ असे विचारणारी सासू आपल्या भागात राहत नाही. बोली मुळातच विनोदी असते हेही खोटे आहे. गाडगेबाबा याच बोलीत कीर्तन करत, श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडून उत्तरे वदवून घेत, आणि कर्ज, दारू, पशुहत्या, अस्वच्छता यांवर असे बोलत की हसणारा माणूस पुढच्या क्षणाला खाली मान घालत असे. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले. त्यानंतर व्यासपीठावरील वऱ्हाडीला विनोदाच्या खुंटीवर आपणच टांगून ठेवले आहे.

मी पुढे ज्या रीतीने मार्ग काढला, ती रीत सांगतो. एक तर कथेतील बोलीचे पहिले वाक्य कोणते आहे हे शोधावे, कारण श्रोता त्या एका वाक्यावर ठरवतो की आपल्याला हसायचे आहे की नाही. ते वाक्य शक्यतो साधे, छोटे आणि गंभीर माणसाच्या तोंडचे असावे. छापील कथेत तसे नसेल तर वाचनाच्या प्रतीत तशी सोय करून घ्यावी. माझ्या त्या कथेत मी सासूच्या प्रश्नाआधी नवऱ्याचे ‘दिवा लाव’ एवढेच वाक्य घातले. दुसरे असे की निवेदनाच्या आवाजातून संवादाच्या आवाजात जाताना सूर बदलू नये. म्हातारी आली की आवाज कापरा करणे, पाटील आला की छाती फुगवणे, या गोष्टी सुरू झाल्या की श्रोत्याला नाटकाचा वास येतो. तिसरी गोष्ट मला फार उशिरा उमगली: बोलीतले वाक्य म्हणताना मान वर करून श्रोत्यांकडे पाहू नये आणि त्या वाक्यानंतर थांबूही नये. वर पाहणे आणि थांबणे म्हणजे हसण्याचे आमंत्रण असते, मग तुमचा हेतू काहीही असो. नजर कागदावर ठेवून त्याच संथ लयीत पुढच्या वाक्यात गेले की हसू उमटले तरी तेथेच विरते. दुसऱ्या एका गावात तीच कथा मी अशी वाचली, तेव्हा सासूच्या प्रश्नावर बायकांच्या बाजूने फक्त एक ‘अगं माय’ ऐकू आले.

बोली कोणाची वाचायची, तर स्वतःच्या घरातली. विदर्भाच्या पश्चिमेकडे डोळ्याला ‘डोया’ म्हणतात आणि वैनगंगेच्या बाजूला झाडीबोलीत तोच ‘डोरा’ होतो. म्हणून गडचिरोलीकडे गेल्यावर मी काही ‘डोरा’ म्हणत नाही. तिकडचा श्रोता दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत रात्र रात्र झाडीपट्टीची नाटके पाहणारा आहे. उसनी बोली त्याला लगेच कळते आणि ती त्याला चेष्टा वाटते. परक्या जिल्ह्याची पण खरी बोली मात्र तो आदराने ऐकतो.

यानंतरची गोष्ट म्हणजे वाचनाची प्रत. पुस्तक हातात धरून वाचू नये; वाचनासाठी कथेची वेगळी प्रत करावी. चार्ल्स डिकन्स १८५८ पासून पैसे घेऊन स्वतःच्या लेखनाचे जाहीर प्रयोग करू लागला, तेव्हा त्याने त्यासाठी खास प्रती तयार केल्या होत्या, त्यांत भरपूर काटछाट केली होती आणि समासात स्वतःसाठी सूचना लिहिल्या होत्या. इतक्या मोठ्या लेखकाला स्वतःचा मजकूर कापताना संकोच वाटला नाही, तर आपल्यालाही वाटण्याचे कारण नाही. डोळ्यांसाठी लिहिलेली कथा कानांना जशीच्या तशी पुरत नाही. छापील पानावर अवतरणचिन्हे दिसतात, त्यामुळे कोण बोलत आहे हे कळते. कानाला अवतरणचिन्ह नसते. म्हणून संवादानंतर आलेले ‘गणपत म्हणाला’ हे संवादाआधी आणावे. एका ओळीची मोकळी जागा सोडून आपण दहा वर्षे मागे जातो, ते श्रोत्याला दिसत नाही; तेथे ‘त्याला आता दहा वर्षे झाली होती’ असे चार शब्द घालावेत. रमेश, सुरेश आणि महेश एकाच कथेत असतील तर दोघांची नावे बदलून टाकावीत. ‘बांधावर उभ्या असलेल्या, डोक्याला पंचा गुंडाळलेल्या, हातात विळा धरलेल्या म्हाताऱ्याने’ अशी विशेषणांची रांग पानावर शोभते, पण ऐकणाऱ्याला म्हातारा सापडेपर्यंत बांध आणि पंचा हातातून सुटलेले असतात. त्याची दोन-तीन वाक्ये करावीत. आपल्याच भागातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लोकांच्या आठवणीतून चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या. त्या लीळांची वाक्ये एकदा मोठ्याने वाचून पाहावीत, म्हणजे कानावरून आलेले गद्य किती आखूड पावले टाकते ते कळेल.

मराठी वाक्याची एक खोड या कामात फार नडते. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार तर त्याच्याही मागे येतो. ‘त्या रात्री त्याने बैल विकण्याचा विचार केला नाही’ या वाक्यात बैल राहिला की गेला, हे शेवटच्या शब्दाशिवाय कळत नाही. आणि नवखा वाचक नेमका तेथे श्वास संपल्यामुळे आवाज खाली टाकतो. मागच्या रांगेला बैल विकल्यासारखेच ऐकू येते. म्हणून वाक्याच्या आरंभी नव्हे, शेवटी श्वास राखून ठेवण्याचा सराव करावा, आणि लांब वाक्यात श्वास कोठे घ्यायचा तेथे पेन्सिलीने उभी रेघ मारून ठेवावी. च, ज आणि झ यांचे दोन दोन उच्चार आहेत, पण लिपी ते दाखवत नाही. थोडेसे या अर्थाचा ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ सारखाच लिहिला जातो. असे शब्द आढळले की खूण करावी.

ही प्रत १६ पॉइंटच्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला छापावी. पानाच्या शेवटी वाक्य पूर्ण झालेले असावे, पाने पिनने टोचू नयेत, आणि पानांचे क्रमांक मोठे लिहावेत, कारण पाने हातातून सुटण्याचा प्रसंग कधी ना कधी येतोच. आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रणात मी हे शिकलो: वाचून झालेले पान उलटायचे नाही, तर बाजूला अलगद सरकवायचे, म्हणजे कागद वाजत नाही. गावात कागद वाजण्यापेक्षा उडण्याचीच भीती अधिक असते. उन्हाळ्यातील कार्यक्रम असेल तर आयोजक मोठ्या कौतुकाने पाहुण्याच्या पाठीशी कुलर लावतात. त्याची हवा पाने उडवते आणि त्याची घरघर माईकमधून सर्व गावाला ऐकू जाते. तो बंद करायला सांगावा आणि घाम सोसावा. कोजागिरीला कुलर नसेल, पण किडे असतील. टेबलावर दिवा ठेवला तर ते पानावर पडतात. दिवा एका बाजूला, थोडा दूर आणि उंच ठेवावा, आणि कागद चिमट्याच्या पॅडला लावावेत. माईक तोंडापासून एक वीत दूर व किंचित तिरका ठेवला म्हणजे प, फ, भ यांचे फटाके फुटत नाहीत. साउंडवाल्याला आवाजातील घुमारा काढायला सांगावे. भजनाला तो चांगला वाटतो, कथेत मात्र प्रत्येक शब्द पुढच्या शब्दावर चढतो.

वेळेचे गणित नीट करावे. मी मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द वाचतो, म्हणजे २४०० शब्दांच्या कथेला २० ते २२ मिनिटे लागतात. गावात एका बैठकीला यापेक्षा मोठी कथा नेऊ नये. निमंत्रणपत्रिकेवर सात वाजता लिहिले असले तरी दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, सरपंचांचे चार शब्द आणि अध्यक्षांचे चाळीस मिनिटांतील चार शब्द आटोपून तुमचा क्रमांक लागेपर्यंत पावणेदहा वाजलेले असतात, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर भोंगा बंद करावा लागतो. शासन ठरावीक दिवसांपुरती बारापर्यंत सूट देऊ शकते, पण तुमची कोजागिरी त्यांत बसते की नाही हे आयोजकांना आधीच विचारून घ्यावे. यावर माझे दोन तोडगे आहेत. वाचनाच्या प्रतीत गाळता येतील असे परिच्छेद आधीच चौकटीत घालून ठेवावेत, म्हणजे बावीस मिनिटांची कथा ऐनवेळी चौदा मिनिटांत बसते. आणि माईकशिवाय वाचण्याचाही सराव करावा. दूध आटत असताना, चांदण्यात, पन्नास-साठ माणसांना जवळ बसवून माईकशिवाय वाचलेली कथा मला नेहमीच अधिक चांगली साधली आहे. त्या दिवशी गावातील मुलींची भुलाबाईची गाणी असतील, तर ती आणि खिरापत ओळखण्याचा खेळ आधी होऊ द्यावा. तो खेळ थांबवून वाचायला बसलेल्या लेखकाला त्या पोरी माफ करत नाहीत, आणि त्यांच्या आयाही करत नाहीत.

कथेच्या निवडीबद्दल थोडक्यात सांगतो. तीनपेक्षा जास्त मुख्य पात्रे नसलेली, एका दिवसात किंवा एका प्रसंगात घडणारी आणि पहिल्या दोन मिनिटांत काहीतरी घडणारी कथा निवडावी. संग्रहातील सर्वांत चांगली कथा हीच वाचायला सर्वांत चांगली असते असे नाही. मनातल्या मनात चालणारी कथा कानाला जड जाते.

निवडीतील खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती शहरातील लेखकाला सहसा येत नाही. गावातील श्रोता कथेत गावातील माणूस शोधतो. सुरुवातीच्या काळात मी माझ्याच गावी एक कथा वाचली होती, जिच्यात एक माणूस दर पेरणीला शेजाऱ्याकडचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, नांगराच्या एकेका तासाने कोरत जातो. नाव बदलले होते, जात बदलली होती, शेताची दिशासुद्धा बदलली होती. परंतु बिडी कानामागे ठेवण्याची त्याची सवय मात्र मी मोहापायी तशीच ठेवली होती. तो माणूस दुसऱ्या रांगेत बसला होता, आणि त्याच्या कानामागे बिडी होती. पुढे दोन वर्षे तो आमच्या घराशी बोलला नाही, आणि आमच्या विहिरीवरून जाणारी त्याची वाट त्याने बदलली. चूक माझीच होती. तुम्ही शेजारच्या गावी वाचणार आहात ही चांगली गोष्ट आहे, पण शेजारच्या गावाला सोयरिकी असतात. कथेतील माणसांची लकब, व्यंग, जनावराचा रंग, घरासमोरचे झाड हे तपासून पाहावे. नावावरून कोणी ओळखत नाही, लकबीवरून ओळखतात. शाळेत शिकवत असल्यामुळे विद्यार्थ्यांच्या घरातील गोष्टींबाबत तर तुम्ही दुप्पट सावध राहिले पाहिजे.

लोक उठून जाऊ लागले तर काय करावे, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की, का उठत आहेत ते आधी पाहावे. कोजागिरीच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी चालू असते; दिवसभर वाकून विळा चालवलेला माणूस कथेला कंटाळून नव्हे, तर कंबर धरली म्हणून उठतो. लहान मूल झोपले की आई उठते. अशा वेळी आवाज चढवू नये, वाचण्याचा वेग वाढवू नये, आणि ‘बसा, बसा, शेवट चांगला आहे’ असे तर कधीही म्हणू नये. एका वेळी आठ-दहा जण उठले तर मात्र कथा लांबली असे समजून चौकटीतील परिच्छेद गाळावेत. बायका बहुधा एका बाजूला किंवा अगदी मागे बसतात, आणि पाहुणा समोरच्या खुर्च्यांकडे पाहून वाचतो. मी त्यांच्याकडे तोंड करून वाचतो, कारण शेवटपर्यंत थांबणाऱ्या त्याच असतात. मोबाइलवर चित्रण करणारे कोणी ना कोणी असेलच. तुमच्या कथेचे वाचन लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने मुळात तुमचाच आहे, तरी पुस्तकाच्या करारात ध्वनिरूपाचे हक्क प्रकाशकाला दिले आहेत का, हे एकदा पाहून घ्यावे, आणि चित्रण नको असेल तर वाचन सुरू होण्यापूर्वी तसे नम्रपणे सांगावे.

वाचण्यापूर्वी कथा कशी सुचली हे सांगू नये. नाव, गाव आणि कथेचे शीर्षक एवढे पुरे आहे. शेवटचे वाक्य वाचून झाल्यावर लगेच ‘धन्यवाद’ म्हणू नये, आणि सूत्रसंचालकालाही आधी सांगून ठेवावे की त्याने निदान दहा श्वास माईकला हात लावू नये, नाहीतर तो टाळ्यांचा गजर मागून मोकळा होतो. त्या शांततेची भीती वाटते, पण ती सोसावी. बहुतेक ठिकाणी ती एखादी म्हातारीच मोडते. “हे खरं घडलं का?” असे ती विचारते, किंवा “मंग त्या पोतीचं काय झालं?” असे विचारते. कथेत जे नाही ते सांगण्याचा मोह तेथे फार होतो. मी तिला “मलेही ठाऊक नाई, माय” एवढेच सांगतो आणि पाने गोळा करतो.